पणजोबांची नोंद नेमकी कुठे शोधायची? पुराभिलेखागार, निवडणूक कार्यालय की जुनं ग्रंथालय?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात पुन्हा मांडते, म्हणजे नंतर वाचणाऱ्यांनाही संदर्भ लागेल. मूळ गाव संगमेश्वर तालुक्यात. पणजोबा मुंबईत गिरणीत कामाला, आजोबांचा जन्म १९३१ च्या आसपासचा, आणि आजोबा आता हयात नाहीत. धाकट्या बहिणीला कुणबी म्हणून इतर मागास प्रवर्गातून अभियांत्रिकीला प्रवेश घ्यायचा आहे, त्यासाठी जातीची जुनी नोंद हवी आहे. घरात एकही जुना कागद नाही. तुम्ही विचारलंय की मुंबईच्या पुराभिलेखागारात गेलो तर मिळेल का, १९५२ च्या मतदारयादीत आजोबांचं नाव दाखवता येईल का, रत्नागिरीच्या जुन्या ग्रंथालयात काही असेल का. आणि एक जण २५ हजारांत मोडी कागद आणून देतो म्हणतोय, त्याला पैसे द्यावेत का.

मी गेली २२ वर्षं मोडी कागद वाचून देते. त्यातली निम्मी वर्षं तालुक्यांच्या अभिलेख कक्षांत गेली. त्या अनुभवावरून सांगते, तुम्ही विचारलेल्या तिन्ही जागा महत्त्वाच्या आहेत, पण तुमच्या कामाला त्या पहिल्या नाहीत. जुना कागद माणसाच्या नावावर कुठेच ठेवलेला नसतो. तो ज्या कार्यालयाने, ज्या कामासाठी लिहिला, त्या कार्यालयाच्या गठ्ठ्यात असतो. म्हणून ‘माझ्या पणजोबांचं नाव कुठे असेल’ असं न विचारता ‘त्या काळात पणजोबांचं नाव लिहून घेण्याची गरज कुणाला पडली असेल’ असं विचारायचं. मूल जन्मलं तेव्हा पोलीस पाटील किंवा कोतवालाला. शाळेत घातलं तेव्हा मास्तरांना. जमीन कसली तेव्हा तलाठ्याला, आणि कोकणात त्याही आधी खोताला, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्या वतनदाराला. मतदानाचा हक्क मिळाला तेव्हा निवडणूक यंत्रणेला. या प्रत्येकाने वेगळ्या कारणासाठी लिहिलं, म्हणून प्रत्येकाचा कागद वेगळी गोष्ट सिद्ध करतो.

तुमच्या बहिणीला तीन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत: जात, नातं आणि मूळ वास्तव्य. इतर मागास वर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ हा मानीव दिनांक आहे, म्हणजे त्याआधीचा पुरावा लागतो. (अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१. दुसऱ्या कुणाला उपयोग होईल म्हणून लिहून ठेवते.) या तारखेमुळे तुमचं काम वाटतं त्यापेक्षा सोपं आहे. १८५० चा मोडी कागद कुणीही मागितलेला नाही. आजोबांची १९४० च्या आसपासची, जात लिहिलेली एक स्वच्छ नोंद आणि त्यांच्यापासून बहिणीपर्यंतची साखळी जुळली तर बराच पल्ला गाठला जातो.

त्याहीआधी एक फोन करा. वडिलांकडच्या भाऊबंदांत, चुलत घराण्यात, कुणाकडे आधीच जात वैधता प्रमाणपत्र आहे का ते विचारा. रक्ताच्या नात्यातल्या माणसाची वैधता हा जात पडताळणी समितीपुढे वजनदार पुरावा असतो. माझ्याकडे आलेल्या कित्येक कुटुंबांनी महिनोन् महिने रेकॉर्ड धुंडाळलं आणि शेवटी चुलत चुलत्याच्या कपाटात सगळी फाईल तयार निघाली. गावात भावकीशी बोलणं तुटलं असेल तर हे अवघड जातं, ते मला ठाऊक आहे. तरी विचाराच.

आता शाळा. आजोबा १९३१ चे असतील तर १९३७-३८ च्या सुमारास पहिलीत गेले असतील. तेव्हा खेड्यातल्या शाळा लोकल बोर्डाच्या होत्या. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर त्या त्यांच्याकडे गेल्या, पण दाखल-खारीज रजिस्टरं बहुतेक ठिकाणी शाळेतच राहिली, मुख्याध्यापकांच्या कपाटात किंवा पत्र्याच्या ट्रंकेत. त्यात मुलाचं नाव, बापाचं नाव, जात, जन्मतारीख, आधीची शाळा असे रकाने असतात. म्हणजे जात आणि नातं एकाच ओळीत. जन्मतारखेवर फार विश्वास ठेवू नका. पुष्कळदा मास्तरांनी अंदाजाने टाकलेली असते, १ जून ही तारीख तर पानोपानी दिसते. जातीचा रकाना मात्र सहसा रिकामा नसतो. तुमच्या वाडीत तेव्हा शाळा नसेल तर शेजारच्या गावची पाहा. डोंगरापलीकडच्या शाळेत चालत जाणारी मुलं त्या काळी सर्रास होती. आणि पणजोबांनी कुटुंब मुंबईला आणलं असेल तर नोंद मुंबईच्या पालिका शाळेत निघेल. हे तुमच्या घरच्या हकिकतीवर अवलंबून आहे, मला इथून सांगता येणार नाही.

शाळेत नाही मिळालं तर जन्म-मृत्यूची नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४. लोक तिला कोतवाल बुक म्हणतात, विदर्भात कोतवाल पंजी. १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा महाराष्ट्रात १ एप्रिल १९७० पासून लागू झाला. त्याआधीच्या गावोगावच्या या वह्या तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. संगमेश्वर तालुक्याचं मुख्यालय देवरुखला आहे, त्यामुळे संगमेश्वर बाजारपेठेत शोधत फिरू नका. कोकणातल्या या वह्या स्वातंत्र्यापर्यंत आणि काही ठिकाणी त्यानंतरही मोडीत लिहिलेल्या सापडतात.

इथे थोडं सविस्तर लिहिते, कारण बहुतेक जण इथेच चुकतात.

जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुतेकदा नसतंच. नोंद झाली तेव्हा बारसंही झालेलं नसायचं. बापाचं नाव, जात, मुलगा की मुलगी, तारीख, खबर देणाऱ्याचं नाव, एवढंच. म्हणजे आजोबांचं नाव घेऊन वही चाळलीत तर ते समोर असूनही तुम्ही पान उलटाल. पणजोबांचं नाव घेऊन शोधा. त्यांच्या नावापुढे १९२५ ते १९४० मधल्या जन्माच्या सगळ्या नोंदी उतरवून घ्या आणि आजोबांच्या भावंडांचा क्रम लावून त्यातली आजोबांची कोणती ते ठरवा. यासाठी घरातल्या सगळ्यांत वयस्कर बाईला विचारा. पुरुषांपेक्षा बायकांना भावंडांचा क्रम पक्का आठवतो: कोण कुणाच्या पाठचं, कोण अंगावरचं गेलं. त्या वह्यांत एकाच बापाच्या नावावर आधी जन्माची आणि पुढच्या काही पानांत मृत्यूची नोंद इतक्यांदा भेटते, कारणाच्या रकान्यात ‘ताप’ किंवा ‘हगवण’ एवढाच शब्द. आजही ती पानं मला भराभर उलटता येत नाहीत.

दुसरी गोष्ट माहेरची. आजोबा पणजीचं पहिलं मूल असतील तर त्यांचा जन्म तुमच्या गावात झालेलाच नसण्याची दाट शक्यता आहे. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. मग नोंद पणजीच्या माहेरच्या गावच्या वहीत, कदाचित दुसऱ्याच तालुक्यात, आणि खबर देणारा पणजीचा बाप किंवा भाऊ. एका कुटुंबासाठी मी बापाच्या गावची १२ वर्षांची पानं ओळ न् ओळ वाचली आणि काहीच मिळालं नाही. मग त्यांच्या आत्याने सहज सांगितलं की थोरल्याचा जन्म आजोळचा. खाडीपलीकडच्या गावच्या वहीत दुसऱ्याच दिवशी नोंद मिळाली. तेव्हापासून मी कुणाचंही काम घेताना पहिला प्रश्न पणजीच्या माहेराचा विचारते.

तिसरी गोष्ट नावांची. आडनाव नसेल असं धरूनच चाला. ‘गणू बिन सोमा’ अशी नोंद असते. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. आणि आपल्याकडे नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. सोमाचा गणू, गणूचा सोमा, पुन्हा सोमाचा गणू. एक ‘गणू बिन सोमा’ सापडला म्हणजे तो तुमचाच असं नाही, तो त्याचा आजोबाही असू शकतो किंवा शेजारच्या वाडीतला कुणी. माझ्या सुरुवातीच्या काळात एक कुटुंब अशीच नोंद घेऊन आलं. नाव, गाव, जात सगळं जुळत होतं. वर्ष मात्र त्यांच्या सांगण्याशी ४० वर्षांनी विसंगत. मी तारीख पुन्हा पुन्हा वाचली आणि शेवटी त्यांना सांगितलं की हा तुमचा माणूस नव्हे, त्याच्या दोन पिढ्या आधीचा आहे. त्यांना वाईट वाटलं, पण त्यामुळे वंशावळीत एक नाव वाढलं आणि पुढे ते उपयोगी पडलं. म्हणून प्रत्येक नोंद वर्षासकट वंशावळीत बसवून पाहायची, सुटी नोंद जवळ बाळगायची नाही.

तहसीलमध्ये नकलेचा अर्ज करताना गाव, नमुना, सालं आणि पणजोबांचं नाव स्पष्ट लिहा. ‘आमच्या पूर्वजांच्या सर्व नोंदी मिळाव्यात’ असा अर्ज केलात तर अभिलेखपाल काहीही करू शकत नाहीत, त्यांच्याकडे नावांची सूची नसते. गठ्ठे गाववार आणि सालवार बांधलेले असतात. २०२३ मध्ये न्यायमूर्ती शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून कुणबी नोंदींसाठी या कक्षांची पुष्कळ झाडाझडती झाली आहे, बऱ्याच ठिकाणी पानं स्कॅनही झाली आहेत. त्यामुळे तुमच्या गावच्या सापडलेल्या नोंदींची यादी तयार आहे का ते तहसीलमध्ये आणि जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारा. भूमी अभिलेखाचे जुने कागद काही तालुक्यांपुरते ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर आहेत. ते घरबसल्या पाहता येतात.

वही वाळवीने खाल्ली असेल, पावसात भिजली असेल, तर? होतं असं. एका तालुक्यात मला १९२० ते १९३५ चा सबंध गठ्ठा लगदा झालेला मिळाला होता. अशा वेळी ‘अभिलेख उपलब्ध नाही’ असं लेखी घ्या. तोंडी उत्तरावर परत फिरू नका. तो कागद हातात असला की दुय्यम पुराव्यावर भर देताना समितीला कारण दाखवता येतं.

जमिनीचे कागद तिसऱ्या पायरीवर. रत्नागिरी जिल्हा खोतीचा. १९४९ च्या कायद्याने खोती गेली, त्याआधी बहुतेक कुणबी कुटुंबं खोताची कुळं होती. त्यामुळे १९३० चा सातबारा पणजोबांच्या नावावर नाही म्हणून निराश होऊ नका. १८८० च्या खोती कायद्याखाली झालेल्या बोटखतात, म्हणजे खोती गावच्या जमिनी आणि हक्कांच्या नोंदवहीत, कुळांची नावं येतात, नंतरच्या पीकपाहणीत कसणाऱ्याचं नाव येतं, आणि कूळकायद्यानंतर जमीन नावावर झाली असेल तर फेरफाराच्या, म्हणजे मालकी बदलल्याच्या, नोंदीत वारसांची अख्खी यादी मिळते. वारस फेरफार हा माझा आवडता कागद आहे. माणूस गेल्यावर लगेच लिहिलेला, मुलं-मुली-बायको सगळ्यांची नावं असलेला, आणि गावासमोर झालेला. जात त्यात सहसा नसते, पण नात्याला याच्याइतका भक्कम पुरावा क्वचित मिळतो.

आता तुमच्या तीन जागांकडे वळू.

मतदारयादी. आजोबा १९३१ चे असतील तर १९५२ च्या यादीत त्यांचं नाव बहुधा नसेल. तेव्हा मतदानाचं वय २१ होतं. ते १८ झालं १९८९ मध्ये, एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने. यादी तयार होत होती तेव्हा आजोबा एकोणीस-वीस वर्षांचे असणार. त्यांना १९५७ च्या यादीत पाहा. १९५२ च्या यादीत पणजोबांना आणि पणजीला शोधा, कारण स्वतंत्र भारतातल्या या पहिल्या निवडणुकीत जमीन, कर, शिक्षण अशी कुठलीही अट न लावता प्रत्येक प्रौढ माणसाचं नाव लिहून घेतलं गेलं. त्याआधीच्या प्रांतिक निवडणुकांच्या याद्यांत कूळ म्हणून राबणाऱ्या बहुतेकांना जागा नव्हती. तुमच्या घरातल्या पहिल्या मतदाराचं छापील नाव तुम्ही पाहिलंत तर मला फार आनंद होईल. पण एक लक्षात ठेवा, मतदारयादीत जात नसते. तिने जात सिद्ध होत नाही. तिचा उपयोग दोन कामांना: त्या साली कुटुंब कुठे राहत होतं ते कळतं, आणि बापाच्या किंवा नवऱ्याच्या नावाचा रकाना असल्याने वंशावळीचा एक दुवा पक्का होतो. पणजोबा गिरणीत होते, म्हणजे त्यांचं नाव गावात नसून परळ-लालबागकडच्या चाळीच्या पत्त्यावर असू शकतं. घर गावात, नाव मुंबईत, हे चाकरमान्यांच्या बाबतीत नेहमीचं.

कुणाकडे मागायची? इथे दोन कार्यालयांची गल्लत होते. लोकसभा-विधानसभेच्या याद्या भारत निवडणूक आयोगाच्या, राज्यात त्याचं काम मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे आणि खाली जिल्हाधिकारी कार्यालयातल्या निवडणूक शाखेकडे. राज्य निवडणूक आयोग हे वेगळं कार्यालय, ग्रामपंचायतीपासून महापालिकेपर्यंतच्या निवडणुकांचं, आणि ते १९९४ मध्ये अस्तित्वात आलं. १९५२ साठी तिथे अर्ज करून उपयोग नाही. १९६० च्या मतदार नोंदणी नियमांनुसार यादीची एक प्रमाणित प्रत कायमचा अभिलेख म्हणून जतन करायची असते आणि नागरिकाला ती पाहण्याचा, शुल्क भरून साक्षांकित नक्कल मागण्याचा हक्क आहे. अर्जात नियमांचा उल्लेख करा. प्रत्यक्षात १९५२ ची प्रत किती सुस्थितीत आहे, ती जिल्ह्यात आहे की मुंबईत, हे जिल्ह्याजिल्ह्यांत वेगळं असतं. उत्तर येईना तर माहिती अधिकारात साधा प्रश्न विचारा: ‘अमुक गावाच्या १९५२ व १९५७ च्या यादीची प्रत सध्या कोणत्या कार्यालयाच्या ताब्यात आहे?’ आधी ताबा विचारायचा, नक्कल नंतर.

कागद कुणी लिहिला हे पाहायचं, असं वर म्हटलं, त्याचं सगळ्यांत ठसठशीत उदाहरण याच याद्यांत आहे. १९५२ मध्ये महाराष्ट्र राज्य नव्हतं. रत्नागिरीची यादी मुंबई राज्याने केली, पण मराठवाड्याची हैदराबाद राज्याने आणि नागपूर-अमरावतीची मध्य प्रदेशाने. १ नोव्हेंबर १९५६ नंतर हे भाग मुंबई राज्यात आले आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. मराठवाड्यातल्या वाचकांनी म्हणूनच जुन्या महसुली कागदांत उर्दूची आणि फसली सालांची, म्हणजे तिथल्या महसुली कालगणनेची, तयारी ठेवावी. फसली सालात ५९० मिळवले की इसवी सन येतो: १३४६ फसली म्हणजे १९३६-३७. त्यांच्यासाठी १९५४-५५ चं खासरा पत्रक हा कळीचा कागद. जिल्ह्यांची फोडही ध्यानात असू द्या. सिंधुदुर्ग १९८१ मध्ये रत्नागिरीतून वेगळा झाला, म्हणजे कुडाळ-मालवणचा जुना कागद ‘रत्नागिरी’ या नावाखाली असतो. रायगडचा ‘कुलाबा’ खाली.

आणखी एक, कारण हल्ली रोज कुणीतरी विचारतं. बिहारनंतर गोव्यासह काही राज्यांत मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण सुरू झालं आणि २००२ च्या सुमाराच्या याद्यांची मागणी वाढली. ते काम वेगळं. त्या याद्या संगणकावर मिळतात. तुम्हाला हवं असलेलं त्यांत काही नाही.

पुराभिलेखागार. मुंबईचं पुराभिलेखागार काळा घोड्याजवळ एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे. १८२१ मध्ये ‘बॉम्बे रेकॉर्ड ऑफिस’ म्हणून ते सुरू झालं. तिथे कंपनी सरकारच्या आणि पुढच्या मुंबई सरकारच्या खात्यांचे कागद आहेत: महसूल, न्याय, राजकीय, सामान्य प्रशासन. म्हणजे सरकारने सरकारशी केलेला पत्रव्यवहार. तुमच्या गावची जन्म-मृत्यूची वही तिथे नाही. पुण्याच्या पुराभिलेखागारात, ज्याला आम्ही पेशवे दप्तर म्हणतो, हजारो रुमालांत मोडी कागद बांधलेले आहेत. त्यांतल्या निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसायांनी १९३० नंतरच्या काही वर्षांत संपादित केले, यावरून तो साठा केवढा असेल याची कल्पना करा. पण ते दप्तर राज्यकारभाराचं आणि इनामं तपासताना जमा झालेलं. गावाला इनाम होतं, घराण्याकडे वतन होतं, खोताविरुद्धचा तंटा वरपर्यंत गेला होता, कुणी सरकारी नोकरीत होतं किंवा स्वातंत्र्यलढ्यात तुरुंगात गेलं होतं, तर तिथे जायला कारण आहे. यातलं काही घरात ऐकलेलं नसेल तर बहिणीच्या प्रवेशाची तारीख डोक्यावर असताना तिथे आठवडे घालवू नका. प्रवेश झाल्यावर मात्र जरूर जा. त्या संशोधन कक्षात बसून दोनशे वर्षांपूर्वीच्या शाईची रेघ पाहण्याचा अनुभव प्रत्येकाने घ्यावा असं मला मनापासून वाटतं.

ग्रंथालय. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, राज्यातल्या सर्वांत जुन्या वाचनालयांपैकी एक. तिथून समितीपुढे ठेवण्यासारखा कागद मिळणार नाही, पण वाट मिळते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा रत्नागिरी-सावंतवाडीचा खंड १८८० चा. त्यात तालुक्यांच्या हद्दी, खोतीची व्यवस्था, त्या काळची समाजरचना आहे. शाळांच्या शताब्दी स्मरणिका, ज्ञातिसंस्थांची मासिकं, मुंबईतल्या ग्रामस्थ मंडळांचे अहवाल अशा वाचनालयांत जपलेले असतात आणि त्यांत वाडीवार नावं निघतात. कुलवृत्तांतही पाहा म्हटलं असतं, पण खरं सांगायचं तर लिहिणाऱ्या घराण्यांचे कुलवृत्तांत भरपूर झाले, कसणाऱ्यांचे फार थोडे. तुमच्या पणजोबांना कोतवालाच्या वहीतच शोधावं लागणार आहे, त्याचं मुख्य कारण हेच.

जनगणनेत नावं असतील का, असं खाली एकाने विचारलंय. घरोघरची माहिती कायद्याने गोपनीय असते, तिची नक्कल मिळत नाही. तो रस्ता सोडून द्या.

राहिला २५ हजारांचा प्रश्न. देऊ नका. मोडी वाचणाऱ्याने मेहनतान्याचे पैसे घेणं योग्यच आहे, मीही घेते. पण वाचनाचे पैसे आणि ‘नोंद आणून देण्याचे’ पैसे यांत फार अंतर आहे. नोंद ही शासकीय ताब्यातली वस्तू आहे, तिची खरी नक्कल अर्ज करून, ठरलेलं शुल्क भरून, सही-शिक्क्यासह मिळते. जो माणूस ती पिशवीतून काढून देतो, त्याने ती कुठून आणली? समितीचं दक्षता पथक मूळ वही उघडून पाहतं. तिथे ओळ नसेल, किंवा शाई वेगळी दिसली, तर नुसता दावा फेटाळला जात नाही. प्रवेश जातो आणि गुन्हा दाखल होऊ शकतो, तोही तुमच्या बहिणीच्या नावावर. पैसे घेणारा तेव्हा कुठेच नसतो.

लिप्यंतरातही सावध राहा. मोडी सलग लिहितात, शब्द तोडत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ पाळत नाहीत, आणि लिहिणारा घाईत असेल तर जातीचं नुसतं आद्याक्षर टाकतो. ‘कु’ एवढंच लिहिलं असेल तर लिप्यंतरात ‘कु’च लिहायचं. कुणबी असेल, कुंभारही असेल. त्याच पानावरच्या इतर नोंदींत तोच लेखक पूर्ण शब्द कसा लिहितो ते दाखवून मत देता येतं, पण ते मत म्हणून खाली वेगळं. माझ्यापुढे बसलेल्या आईबापांचे चेहरे पाहून तिथे ‘कुणबी’ लिहावं असं मलाही वाटलं आहे, लिहिलं मात्र नाही. तुम्ही ज्यांच्याकडून वाचून घ्याल त्यांना मूळ पानाचा फोटो, ओळ क्रमांकासह लिप्यंतर आणि न लागलेल्या अक्षरांच्या जागी टिंबं मागा. एकही टिंब नसलेलं लिप्यंतर हातात आलं तर दुसऱ्या जाणकाराला दाखवा. पुराभिलेख संचालनालय आणि पुण्याचं भारत इतिहास संशोधक मंडळ मोडीचे वर्ग घेतात, तिथे शिकलेले चांगले वाचक मिळतात. तुमच्या घरातल्या कुणी तो वर्ग केला तर याहून उत्तम काही नाही. वळण डोळ्यांत बसलं की दोन-तीन महिन्यांच्या सरावाने कोतवाल बुकातल्या ठरावीक रकान्यांपुरतं वाचता येऊ लागतं.

तेव्हा या आठवड्यात भावकीला फोन आणि शाळा. रजिस्टरात आजोबा सापडले तर मुख्याध्यापकांकडून सही-शिक्क्याचा उतारा घ्या आणि पानाचा फोटो काढायची परवानगी मागा. पुढच्या आठवड्यात देवरुख, गाव नमुना १४ आणि वारस फेरफार एकाच खेपेत. मतदारयादीचा अर्ज त्याच दिवशी जिल्ह्याला टाकून द्या, त्याला वेळ लागतो. मग पणजीच्या माहेरचं गाव आणि आजोबा कितवं अपत्य, एवढं इथेच कळवा. वाडीचं किंवा घरातल्या कुणाचं नाव उघड लिहू नका, तालुका पुरे. मोडी पान हाती आलं तर मला निरोप पाठवा, मी वाचून देईन. त्याचे पैसे नकोत.